कोंबड्यांचें रात्रीचें आसन

ज्यांच्या दारीं चार कोंबड्या आहेत, त्यांच्या घरीं कोंबड्यांच्या खाण्यापिण्याची विचारपूस रोज होते. कोंडा घातला कीं नाहीं, पाणी भरलें कीं नाहीं, तांबड्या कोंबडीनें आज अंडें कोठें घातलें, ह्या गोष्टींकडे घरांतील लहानथोर सर्वांचें लक्ष असतें. परंतु सायंकाळीं खुराड्याचें दार लावून घेतल्यावर पुढील अकरा-बारा तास तीं पांखरें आंत कशीं राहतात, कशावर बसतात, त्यांस सुखानें झोंप लागते कीं नाहीं, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः कोंबडीच्या आयुष्याचा जवळजवळ अर्धा भाग ह्याच अंधारांत जातो. पायाच्या जखमा, छातीच्या हाडाचें वांकणें, रक्त पिणारी कीड ह्यांसारख्या कित्येक दुखण्यांचा उगम ह्या रात्रीच्या निवाऱ्यांतच असतो. उपाय मात्र पुष्कळदां अंगणांतच पडलेला असतो, आणि तो म्हणजे झाडाची एक साधी फांदी. ती खुराड्यांत बसविण्यांत लाभ कोणता, धोका कोणता, आणि ती कशी निवडावी व कशी बसवावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम कोंबडीचें कुळ पाहूं. आपली घरगुती कोंबडी ही तांबड्या रानकोंबड्याची वंशज होय, असें मत चार्ल्स डार्विन ह्यांनीं १८६८ सालीं आपल्या ग्रंथांत मांडलें. पुढें शेंकडों पांखरांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून २०२० सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानेंही ह्या मतास दुजोरा दिला. ब्रह्मदेश, उत्तर थायलंड व चीनचा नैर्ऋत्य भाग ह्या बाजूस राहणारी तांबड्या रानकोंबड्याची एक उपजात ही घरच्या कोंबडीची मुख्य पूर्वज ठरली. आपल्या सह्याद्रीच्या रानांत पहांटे ज्याचें आरवणें ऐकूं येतें, तो करड्या रंगाचा रानकोंबडाही ह्या वंशावळींतून अगदींच वगळलेला नाहीं. पुष्कळ कोंबड्यांच्या कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला आहे, असें २००८ सालीं आढळून आलें. हे दोघेही रानकोंबडे दिवसभर जमिनीवर पालापाचोळा उकरून पोट भरतात, पण दिवस मावळला म्हणजे झाडावर किंवा बांबूच्या बेटांत चढून बसतात. जमिनीवर रात्रीं रानमांजर, कोल्हा, मुंगूस, साप असे अनेक वैरी फिरत असतात. जें पांखरूं उंच चढून बसलें तें वांचलें. जें खालीं राहिलें त्याची पुढची पिढी झाली नाहीं. हजारों वर्षें माणसाच्या अंगणांत राहूनही कोंबडी हा धडा विसरलेली नाहीं. कोंकणांत कित्येक घरीं कोंबड्या खुराडें सोडून दारच्या आंब्याफणसावर चढून बसतात, तें हट्टानें नव्हे; रक्तांतली ती जुनी सवय आहे.

आतां ह्या सवयीला शरीराची जोड कशी मिळाली आहे तें पहा. कोंबडीच्या पायाला बहुधा चार बोटें असतात; तीन पुढें व एक मागें. (डॉर्किंग, सिल्की अशा थोड्या जातींत पांचवें बोट आढळतें.) हीं बोटें मिटविणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, मांडी व पोटरी ह्यांच्या बाजूनें उतरून घोट्याच्या सांध्यामागून तळपायाकडे जातात. पांखरूं दांडीवर खालीं बसलें म्हणजे तो सांधा दुमडतो, दोऱ्यांना ताण बसतो आणि बोटें दांडीभोंवतीं मिटूं लागतात. ह्या योजनेचें वर्णन इटलींतील शास्त्रज्ञ जोव्हान्नी बोरेल्ली ह्यांच्या ग्रंथांत आहे. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६८०-८१ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें असेंही दिसून आलें कीं, पुष्कळ पक्ष्यांच्या ह्या दोऱ्यांवर बारीक उंचवटे असून त्यांच्याभोंवतालच्या आवरणावर वळ्या असतात. दोन्ही एकमेकांत अडकल्या म्हणजे पकड फार श्रम न पडतां टिकते. मात्र पक्षी केवळ ह्या कळीवर विसंबून झोंपतो असें समजूं नये. साळुंकीच्या कुळांतील युरोपांतील एका पक्ष्याचें २०१२ सालीं जें निरीक्षण प्रसिद्ध झालें, त्यांत झोंपलेल्या पक्ष्याचीं बोटें आपोआप घट्ट आवळलेलीं आढळलीं नाहींत. तोल सांभाळणें हाच भाग तेथें महत्त्वाचा दिसला. तात्पर्य इतकेंच कीं, पाय जेथें घसरणार नाहीं व अंगाचा भार जेथें नीट तोलला जाईल, असें आसन पांखराला हवें असतें.

असें आसन कोणत्या वस्तूचें करावें? लोखंडाची नळी, प्लॅस्टिकची नळी, सुताराकडची चौकोनी पट्टी आणि झाडाची फांदी हे चार पर्याय सामान्यतः समोर असतात. नळी गुळगुळीत असते. तिच्यावर विष्ठा पडून ओल आली कीं ती अधिकच निसरडी होते, आणि रात्रभर बोटें आवळून धरण्याची पाळी कोंबडीवर येते. लोखंड थंडीच्या दिवसांत पायांतील ऊब ओढून घेतें. चौकोनी पट्टीवर पकड बरी बसते, परंतु तिच्या कडा गोल केलेल्या नसल्या तर त्या तळव्यांत रुततात. फांदीची साल किंवा सोललेलें लांकूड किंचित् खरखरीत असतें, त्यामुळें नख टेंकतें व पाऊल सरकत नाहीं. लांकडांतून ऊब सहजासहजीं निघून जात नाहीं. शिवाय फांदी एका टोंकाला जाड, दुसऱ्या टोंकाला बारीक, मध्यें थोडीशी बांकलेली अशी असते. लहानमोठ्या कोंबड्यांस आपापल्या पावलाजोगी जागा तिच्यावर निवडतां येते, आणि एकाच पांखरानें जागा बदलली तर तळव्याच्या एकाच ठिकाणावर रोज भार येत नाहीं.

ह्या भाराचा विचार केवळ पायांपुरता नाहीं. कोंबडी झोंपतांना पायांवर उभी राहत नसून बसते. तेव्हां तिच्या छातीचें, नावेच्या तळासारखें पुढें आलेलें हाड दांडीवर टेंकतें. जर्मनींत केलेल्या एका मोजणींत (ती २०११ सालीं प्रसिद्ध झाली) असें आढळलें कीं, बसलेल्या कोंबडीच्या ह्या हाडावर येणारा कमाल दाब एका पावलावरील दाबाच्या सुमारें पांचपट असतो. दांडी फार बारीक किंवा धारदार असेल तर रोजच्या ह्या दाबानें हाड वांकतें. अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या अंगांतील चुना कवचासाठीं खर्च होत असल्यामुळें तिचीं हाडें आधींच नाजूक झालेलीं असतात. म्हणून आसनाची जाडी ही क्षुल्लक बाब नव्हे. युरोपीय संघानें १९९९ सालीं केलेल्या नियमांत अंडीं देणाऱ्या दर कोंबडीस निदान १५ सेंटिमीटर लांबीची, तीक्ष्ण कडा नसलेली दांडी असावी असें सांगितलें, आणि दांडी, घरटें कांहींच नसलेले जुन्या पद्धतीचे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून तेथें बंद झाले. ज्या सोयीसाठीं मोठ्या राष्ट्रांना कायदा करावा लागला, ती सोय आपण आपल्या खुराड्यांत एका फांदीनें करूं शकतों.

येथवर फांदीची स्तुति झाली. आतां तिचा दोषही सांगितला पाहिजे, कारण तो लहान नाहीं. सालीच्या फटी व भेगा ह्या रक्त पिणाऱ्या किडीचीं माहेरघरें होत. कोंबड्यांच्या अंगावरील एक बारीक लाल कीड दिवसा अशा भेगांत लपून राहते व रात्रीं बाहेर पडून झोंपलेल्या पांखराचें रक्त पिते. उबदार हवेंत अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास तिला सुमारें एक आठवडा पुरतो, आणि अन्नावांचूनही ती कित्येक महिने जगूं शकते. आपल्या उष्ण मुलखांत कोंबड्यांची गोचीडही अशीच फटींत राहून रात्रीं चावते, आणि तिच्या चावण्यांतून कोंबड्यांना एक प्रकारचा ताप येऊन त्या दगावतात. दिवसा कोंबडी उचलून पाहिली तर अंगावर बहुधा कांहींच दिसत नाहीं. तुरा मात्र फिकट पडत जातो, अंडीं कमी होतात, आणि संध्याकाळ झाली तरी कोंबड्या खुराड्यांत शिरण्यास नाखूष असतात. दोष कोंबडीचा समजून तिला हांकलून आंत कोंडलें जातें. खरा दोष दांडीच्या सालीखालीं असतो.

म्हणून रानांतील फांदी जशीच्या तशी उचलून खुराड्यांत लावणें हें योग्य नव्हे. रानकोंबडा आज एका झाडावर, उद्यां दुसऱ्यावर बसूं शकतो. त्याच्या फांदीवर ऊन, वारा, पाऊस येतो. खुराड्यांतील कोंबडी त्याच फांदीवर रोज बसते, आणि तेथें ऊन पोहोंचत नाहीं. निसर्गाची वस्तु घरांत आणली म्हणजे निसर्ग तेथें जें काम करीत होता, तें आपल्याला करावें लागतें, हें ध्यानांत ठेवावें.

फांदी निवडतांना जिवंत झाड तोडण्याची गरज नाहीं. बागेची छाटणी होते, वादळांत फांद्या पडतात, त्यांतूनच निवड करावी. पेरूचें लांकूड ह्या कामीं फार चांगलें. तें कठीण असून त्याची साल पातळ व गुळगुळीत असते, आणि ती सहज निघते. कडुलिंब व चिंच ह्यांच्या सरळ फांद्याही चालतात. बाभळीचें लांकूड बळकट खरें, पण कांटे मुळापासून काढून टांकण्याचे श्रम घ्यावे लागतात. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, पांगाऱ्याचें लांकूड मऊ व कांटेरी असतें. हीं दोन्ही घेऊं नयेत. कण्हेर विषारी आहे, शेराचा चीक डोळ्यांस व कातडीस अपायकारक आहे, आणि बिब्ब्याच्या रसानें अंगावर फोड येतात. ह्या तीन झाडांपासून मुलांनीं विशेष दूर राहावें. बांबू पुष्कळ घरीं वापरतात व तो स्वस्तही पडतो. परंतु तो गुळगुळीत असतो, आणि त्याच्या पोकळ टोंकांत व चिरांत कीड घर करते. तोच वापरणें भाग असेल तर चिरलेला घेऊं नये व टोंकें लांकडाच्या खुंट्या ठोकून बंद करावींत.

फांदीची जाडी मोठ्या कोंबडीसाठीं दीड ते दोन इंच, म्हणजे ४ ते ५ सेंटिमीटर असावी. वाढत्या पिलांसाठीं इंचभर जाडी पुरे. भुंग्यानें पोंखरलेली, जिच्यांतून पिठासारखा भुसा गळतो, अशी फांदी टांकून द्यावी. निवडलेल्या फांदीचे आडवे फांटे कोयत्यानें अंगाबरोबर छाटावे, साल पूर्ण सोलावी, आणि गांठींचे उंचवटे कानशीनें किंवा खरकागदानें घासून काढावे. कारण छातीच्या हाडाखालीं आलेली लहानशी गांठही रात्रभर टोंचत राहते. मग फांदी दोन-तीन आठवडे उन्हांत वाळूं द्यावी. वाळतांना तिला भेगा पडल्या तर पाहाव्या. मोठ्या भेगेची फांदी चुलीसाठीं ठेवावी. रंग, रोगण कांहीं लावूं नये.

पुढचा प्रश्न मापाचा, आणि येथें आमच्या विद्यार्थ्यांस आपलें गणित उपयोगीं पडेल. दर कोंबडीस २० सेंटिमीटर जागा धरली तर वीस कोंबड्यांस ४०० सेंटिमीटर, म्हणजे चार मीटर लांबी पाहिजे. दोन मीटरच्या दोन फांद्यांत हें काम होतें. उन्हाळ्यांत कोंबड्यांस एकमेकींपासून अंतर हवें असतें, म्हणून याहून थोडी अधिक जागा दिल्यास उत्तम. भिंतीपासून पहिली फांदी २० सेंटिमीटर तरी दूर असावी, नाहीं तर शेंपटी भिंतीला घांसून पिसें मोडतात. दोन फांद्यांमध्यें निदान ३० सेंटिमीटर अंतर ठेवावें. एक फांदी दुसरीच्या बरोबर वर येतां कामा नये, हें सांगावयास नकोच. खालच्या कोंबडीची रात्र मग वरच्या कोंबडीच्या विष्ठेखालीं जाते.

उंचीविषयीं दोन गोष्टींची सांगड घालावी लागते. कोंबडीला उंच जागा आवडते. पण सकाळीं तेथून तिला खालीं उतरावें लागतें, आणि उतरणें हें चढण्याहून अवघड असतें. हलक्या अंगाच्या गांवठी कोंबड्या तीन-चार फुटांवरून सहज उतरतात. गिरिराज, वनराज ह्यांसारख्या जड अंगाच्या कोंबड्यांस मात्र दीड-दोन फुटांहून उंच बसवूं नये. कठीण जमिनीवर रोज आपटून तळव्याला जखम होते, तींत जंतु शिरून पाऊल सुजतें, आतून पू धरतो आणि कोंबडी लंगडूं लागते. उंच फांदी हवीच असेल तर शिडीप्रमाणें पायऱ्या कराव्या. दर पायरी जितकी वर, तितकीच पुढें घ्यावी, म्हणजे चढ पंचेचाळीस अंशांचा होतो. त्याहून उभा चढ कोंबड्यांस उतरावयास जड जातो. वर पत्र्याचें छप्पर असेल तर सर्वांत उंच फांदी व पत्रा ह्यांत दीड-दोन फूट मोकळी जागा ठेवावी. वैशाखांत पत्र्याखालची हवा भाजून काढते. अंडीं घालण्याचीं खोकीं मात्र नेहमीं फांदीहून खालीं ठेवावींत. खोकें उंच झालें कीं कोंबड्या तेथेंच झोंपतात आणि अंडीं घाणीनें माखतात.

फांदी खिळ्यांनीं कायमची ठोकूं नये. दोन्ही बाजूंस आडव्या लांकडांत खांचा कराव्या, फांदीचीं टोंकें खालच्या अंगास थोडीं तासून सपाट करावींत, आणि ती खांचेंत नुसती बसवावी. सपाट टोंकामुळें ती फिरत नाहीं, आणि वाटेल तेव्हां उचलून बाहेर काढतां येते. सुतळीनें बांधण्याचा मोह टाळावा. सुतळीच्या पेडांत कीड लपते. आठवड्यांतून एकदां फांद्या बाहेर काढून घासाव्या, कडक उन्हांत दिवसभर ठेवाव्या, आणि टोंकें व खांचा विशेष निरखून पाहाव्या, कारण कीड प्रथम तेथेंच जमते. भिंतींना व खांचांना चुन्याची सफेती वेळोवेळीं द्यावी म्हणजे फटी बुजतात. कीड फारच वाढली असेल तर ती फांदी जाळून दुसरी घ्यावी. नळी किंवा सुताराची पट्टी टांकून देतांना पैशाचा विचार येतो. फांदी बदलण्यास कांहींच खर्च नाहीं, हा तिचा मोठाच गुण होय. फांद्यांखालीं एक फळी किंवा राखेचा थर ठेवल्यास रात्रीची विष्ठा एके ठिकाणीं सांपडते, खुराड्यांत उग्र वास साठत नाहीं, आणि परसांतील भाजीला चांगलें खत मिळतें.

हिवाळ्यांत बर्फ पडणाऱ्या देशांत कांहीं लोक गोल फांदीपेक्षां रुंद फळी पसंत करितात; कारण तेथें बोटें गारठून मरण्याचें भय असतें, आणि फळीवर सपाट ठेवलेलीं बोटें छातीच्या पिसांखालीं झांकलीं जातात. आपल्याकडे तें कारण नाहीं. ज्या त्या मुलखाप्रमाणें सोय बदलते, म्हणून दूरदेशींचा सल्ला वाचतांना त्यामागचें कारण आधीं शोधावें.

फांदी बसविली म्हणजे काम संपलें असें नाहीं. तिच्यावर कोण कोठें बसतें तें पाहावें. कोंबड्यांत मानपान असतो. कोणी कोणास टोंचावें व कोणी मुकाट्यानें सोसावें ह्याची एक ठरलेली पायरी त्यांच्यांत असते, हें नॉर्वेमधील थोर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे ह्यांनीं १९२१-२२ च्या सुमारास जगापुढें मांडलें. त्यांनीं लहानपणापासूनच कोंबड्यांचें निरीक्षण करून टिपणें ठेविलीं होतीं, ही गोष्ट आमच्या बालवाचकांनीं लक्षांत घ्यावी. सायंकाळीं उंच फांदीवरून जी भांडणें होतात तीं ह्या पायरीमुळेंच. सर्व फांद्या सारख्या उंचीवर ठेविल्या तर भांडणें कमी होतात. शिवाय, रोज वर चढणारी कोंबडी एखाद्या संध्याकाळीं कोपऱ्यांत जमिनीवरच बसून राहिली, तर तें दुखण्याचें पहिलें चिन्ह समजावें. तिला वेगळी ठेवून दुसऱ्याच दिवशीं पशुवैद्यास विचारावें. अंधारांत कोंबड्यांना नीट दिसत नसल्यामुळें त्या फांदीवरून न धडपडतां उचलतां येतात, म्हणून राणीखेत रोगाची लस देण्यासही हीच वेळ सोयीची असते. जीं पिलें दांडीवांचून वाढलीं, त्यांस वर बसण्याची संवय नसते. त्यांस आठ-दहा रात्रीं हातानें उचलून फांदीवर ठेवावें. लहानपणीं ज्यांना चढउतर करावयास मिळते तीं पांखरें पुढें उंच जागेचा अंदाज अधिक चांगला घेतात, असें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें आहे.

विद्यार्थी मित्रांनो, येथें लिहिलेलें सर्व तुम्हीं स्वतः पारखून पाहावें. खुराड्यांत एक सोललेली फांदी व एक नळी, दोन्ही सारख्या लांबीच्या व सारख्या उंचीवर ठेवा. आठ रात्रीं मंद उजेडांत मोजा कीं कोणत्या दांडीवर किती कोंबड्या बसल्या. मग दोहोंच्या जागा बदला व आणखी आठ रात्रीं मोजा. जागा बदलली नाहीं तर कोंबड्यांनीं दांडी निवडली कीं कोपरा निवडला, हें कळणार नाहीं. वहींत तारीख, थंडी किंवा पाऊस, व संख्या एवढें लिहिलें तरी पुरे. प्रयोगशाळेंतील महाग उपकरणांवांचूनही शास्त्र शिकतां येतें, ह्याची खात्री तुम्हांस होईल.

पालकांस एक विनंति. पुष्कळ घरांत अंड्यांचा पैसा हा घरच्या बाईच्या हातांतला हक्काचा पैसा असतो. त्यांतूनच मुलांच्या वह्या, शाईपेन्सिली येतात. एक कोंबडी मुंगसानें नेली किंवा किडीनें खंगून मेली, तर ती हानि तिला एकटीलाच सोसावी लागते आणि कोणाच्या हिशेबांतही येत नाहीं. ती टाळण्यास पेरूची एक फांदी, एक कोयता व रविवारची एक दुपार एवढें भांडवल बस्स आहे. हें काम मुलांवर सोंपवावें, पण एकदां तरी त्यांच्याबरोबर खुराड्यांत वांकून पाहावें. जें पांखरूं आपल्याला रोज देत आहे, त्याला रात्रभर पाय टेंकण्यास बरी जागा मिळाली आहे ना, एवढें पाहणें हें त्याच्या धन्याचें कर्तव्यच होय.